हिशेबाबाहेरचं सरपण

चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेला सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, मूल हा सगळा धानाचा पट्टा आहे. जुने मालगुजारी तलाव, तलावाखाली बांध्या, आणि बांध्या संपल्या की जंगल. या भागात मी बरीच वर्षं बायकांच्या बचत गटांबरोबर काम करते आहे. गटाच्या बैठकीत कर्ज, हप्ते, शेळ्या, दारूबंदी हे विषय ठरलेले असतात. सरपण हा विषय कुणी मांडत नाही. पण बैठकीला उशीर का झाला असं विचारलं, की उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: "काड्या आणाले गेल्तो ताई."

हे उत्तर इतकं सवयीचं आहे की त्याकडे लक्ष जायला वेळ लागतो. मला ते लक्षात आलं ते गटांच्या नोंदवह्यांमुळे. कोणत्या बाईनं महिन्यात किती कमावलं, किती खर्च केलं, हे आम्ही लिहून घ्यायचो. आठवड्यातून दोन-तीन सकाळी जंगलात घालवणाऱ्या बाईच्या त्या सकाळींना वहीत रकानाच नव्हता. आणि रकाना फक्त आमच्याच वहीत नव्हता असं नाही. देशात रोजगाराची जी मोठी पाहणी होते, तिच्यात प्रत्येक माणसाला कामाचा एक संकेतांक मिळतो. घरकाम सांभाळून सरपण, चारा, रानभाजी गोळा करणाऱ्या बाईचा संकेतांक ९३. हा संकेतांक असलेली बाई श्रमशक्तीच्या बाहेर धरली जाते. डोक्यावर मोळी घेऊन चार-पाच किलोमीटर चालणारी बाई सरकारी हिशेबात काम करत नसते.

या पट्ट्यात सरपणाची अडचण जास्त टोचते, त्याला पिकाचंही कारण आहे. वर्धा-यवतमाळकडच्या कापसाच्या गावात वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून घरामागे रचतात, त्यावर कित्येक महिने चूल चालते. धानाच्या गावात तसं काही उरत नाही. तणीस जनावरांना लागते, आणि चुलीत घातली तर भुर्रकन जळून जाते. धुऱ्यावर लावलेल्या तुरीच्या तुराट्या फार दिवस पुरत नाहीत. शेणाच्या गोवऱ्या थापाव्यात तर बांधीला खत राहत नाही. शेवटी जंगलाशिवाय वाट नाही.

बाहेरून येणाऱ्याला वाटतं, जंगल तर समोरच आहे, मग टंचाई कसली? पण जंगल दिसणं आणि सरपण मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावाजवळचं वाळलं लाकूड कधीच संपलेलं असतं. अनेक ठिकाणी जुनं मिश्र जंगल जाऊन सागाची लागवड झाली; तिथे पानं भरपूर पडतात, जळाऊ काडी फारशी मिळत नाही. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाभोवती २०१० साली बफर क्षेत्र झालं, वाघ वाढले आणि ते बफरच्याही बाहेर धानाच्या गावांपर्यंत पसरले. वाघाच्या भीतीनं बायका खोल जंगलात जात नाहीत. सगळ्या गावाचा भार मग कडेच्या एका अरुंद पट्ट्यावर पडतो. तो पट्टा लवकर उघडा होतो, आणि पोटापुढे भीती मागे पडली की पाय पुन्हा आत वळतात.

एकदा गटाच्या बायकांनीच ठरवलं की मोळ्या मोजू या. मोहफूल घेणाऱ्या दुकानदाराकडून ताणकाटा मागून आणला आणि चौकातल्या कडुनिंबाच्या फांदीला टांगला. जंगलातून परतणाऱ्या बायका एकेक करून मोळी काट्याला लावू लागल्या. पहिली मोळी भरली २६ किलो. आणणारी बाई जेमतेम ४० किलोची असेल. तिनं डोक्यावरची चुंबळ सोडून लुगड्याच्या पदरानं मान पुसली आणि म्हणाली, "काड्या कायले मोजता ताई? मोजाच्या असन त पायातले काटे मोजा." सगळ्या हसल्या. पण पुढच्या मोळ्या येत राहिल्या आणि आकडे पडत गेले तसं हसणं थांबलं. पाच माणसांच्या घरात एवढी मोळी तीन दिवस जाते. म्हणजे चौथ्या दिवशी पुन्हा जंगल.

गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला काट्याशी घेणं नव्हतं. ती खाली बसून मोळी सोडून बघत होती. ऐनाच्या अंगठ्याएवढ्या जाड काड्या, पळसाच्या वेड्यावाकड्या फांद्या, बऱ्याचशा रायमुनियाच्या (घाणेरीच्या) काटक्या, आणि धावड्याचे दोनच तुकडे. धावड्याचे तुकडे तिनं बाजूला काढले. "आंधी सारी मोळी धावड्याची राहे," ती म्हणाली. धावड्याचा जाळ कडक आणि टिकणारा. एका ओंडक्यावर भात आणि भाजी दोन्ही होतात, वर निखारा राहतो तो वेगळा. पळस धूर फार करतो. रायमुनियाच्या काटक्या चुलीत सारत राहाव्या लागतात, बाईला चुलीपुढून हलता येत नाही. जंगल किती बदललं याचा अहवाल त्या एका मोळीत होता आणि तो तिला वाचता येत होता.

सरपण कमी पडलं की सगळ्यात आधी स्वयंपाक बदलतो. वरण दिवसाआड होतं, कारण डाळ शिजायला वेळ आणि जाळ दोन्ही लागतात. सकाळी एकदाच भात टाकतात, तोच रात्री गार खातात. लहान मुलाला दुपारी ऊन काही करून देणं थांबतं. पाणी उकळून प्या असं आरोग्य सेविका सांगते, पण जिथे भातालाच काडी मोजून घालायची, तिथे पाण्यासाठी कुणी जाळ करत नाही. पावसाळ्यात तर ओली काडी पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी किंवा जुन्या टायरचा तुकडा लागतो, आणि तो धूर त्या बंद खोलीतच राहतो. गावात कुपोषणाची चर्चा होते तेव्हा धान्याची, अंड्यांची, अंगणवाडीची होते. घरात धान्य असून ते शिजवायला लाकूड नाही, ही शक्यता चर्चेत येत नाही.

मग बाईच्या अंगावर परिणाम दिसू लागतो. मान, कंबर, गुडघे यांचं दुखणं इतकं सार्वत्रिक आहे की त्याला कुणी आजार म्हणत नाही. बाळंतपणानंतर महिना-दीड महिन्यात पुन्हा मोळी उचलायला लागलेल्या बायका हळू आवाजात सांगतात, अंग बाहेर येतं म्हणून. वर्षानुवर्षं त्या ते दुखणं झाकून ठेवतात, कारण दवाखान्यात गेलं तर डॉक्टर वजन उचलू नका म्हणणार, आणि वजन न उचलून चालणार नाही. धुरानं डोळे आणि छाती जाते, ही गोष्ट शास्त्रानं केव्हाच मोजली आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधक कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मोजणीची यंत्रं लावून त्यांच्या श्वासात किती धूर जातो हे तपासलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं मेली. हे आकडे आता सगळ्यांना मान्य आहेत. पण धूर चुलीपाशी सुरू होतो, बाईचे कष्ट त्याच्या कितीतरी आधी जंगलाच्या वाटेवर सुरू होतात.

त्या वाटेवर वाघ आहे. ब्रह्मपुरी आणि आसपासच्या वनक्षेत्रात माणूस आणि वाघ किती जवळ आले आहेत, हे वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला माहीत आहे. मे २०२५मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. तेंदू असो, मोहफूल असो की सरपण, काम वाकूनच करायचं असतं. वाकलेला माणूस उंचीला चौपायासारखा दिसतो आणि त्याला स्वतःला आजूबाजूचं काही दिसत नाही. म्हणून बायका टोळीनं जातात, मोठ्यानं बोलतात, एकमेकींना सारखी हाक देतात. पण काडी कमी असली की टोळी पांगते, कारण एका ठिकाणी सगळ्यांना पुरेल एवढं नसतं. टंचाई आणि धोका यांचं नातं असं सरळ आहे. हल्ल्यात माणूस गेला तर सरकार वारसांना २५ लाख रुपये देतं, आणि ते द्यायलाच हवेत. पण ती बाई त्या दिवशी तिथे का होती, या प्रश्नाचं उत्तर पंचनाम्यात 'सरपण आणण्यासाठी' एवढ्या दोन शब्दांत संपतं.

या सगळ्यात जंगलाचं काय होतं, हेही तेवढ्याच काळजीनं बघायला हवं. बायका जंगल तोडतात, असं सरसकट बोललं जातं. मी जे पाहिलं ते असं: घरच्या चुलीसाठी बाई आधी पडलेलं, वाळलेलं लाकूडच उचलते, कारण ते हलकं असतं आणि लगेच जळतं. ओली फांदी वजनाला जड, जाळायला निकामी. ओल्यावर कोयता पडतो तो वाळलं संपल्यावर. मग उभ्या झाडाची साल गोल काढून ते वाळायला सोडलं जातं, कोवळी रोपं सरपणात जातात, पळसाला वाढूच दिलं जात नाही. वाळलेलं सगळंच उचलणंही जंगलाला परवडत नाही. पडलेलं खोड तिथेच कुजलं तर त्यात वाळवी, भुंगे, बुरशी राहतात, मातीला परत काही मिळतं. ते सगळं चुलीत गेलं की माती उपाशी राहते. गावात गोवऱ्या वाढल्या की बांधीही उपाशी राहते. म्हणजे नुकसान खरं आहे. पण त्याचा दोष जिच्या डोक्यावर मोळी आहे तिच्यावर टाकून ते थांबत नाही.

आपल्याकडे आदर्श गावांच्या चळवळीनं कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी हे शब्द घराघरांत पोहोचवले. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार इथे त्यातून डोंगर हिरवे झाले, पाणी वाढलं, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. पण ज्या गावात बंदीबरोबर पर्याय दिला जात नाही, तिथे बंदीचा सगळा भार एकट्या बाईवर येतो. ठराव ग्रामसभेत पुरुष करतात आणि दुसऱ्या दिवसापासून बाई शेजारच्या गावच्या जंगलात जाऊ लागते, तिथे चोर ठरते, कोयता जप्त होतो, बोलणी खाते. अर्थतज्ज्ञ बीना अग्रवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या सामुदायिक वनसमित्यांचा बारकाईनं अभ्यास करून २०१०मध्ये पुस्तक लिहिलं. जंगल राखायला सुरुवात होऊन वर्षं लोटली तरी अनेक गावांत बायकांची सरपणाची टंचाई तशीच होती, हे त्यांनी दाखवलं. आणि ज्या समित्यांत बायका पुरेशा संख्येनं होत्या, तिथलं जंगल जास्त चांगलं होतं, हेही दाखवलं. माझ्या छोट्याशा भागात मला जे दिसत होतं, त्याला या अभ्यासानं भक्कम आधार दिला.

उपाय म्हणून आधी सुधारित चुली आल्या. १९८३मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, २००२मध्ये गुंडाळला गेला, मधल्या काळात देशभर तीन कोटींहून जास्त चुली वाटल्या गेल्या. या भागातल्या जुन्या घरांत त्यांचे अवशेष अजून दिसतात. धुराडं कौलांतून काढलं तर पावसाळ्यात गळतं, काजळीनं तुंबलं तर साफ कुणी करायचं हे ठरलेलं नसतं. चुलीचं तोंड लहान, त्यामुळे लाकूड चिरून बारीक करावं लागतं. लाकूड चिरायला कुऱ्हाड आणि ताकदीचा माणूस लागतो; बाई वेचून आणते ती वाकडीतिकडी काडी असते. शिवाय चुलीचा अर्धा उपयोग स्वयंपाकाचा नसतोच. अंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबोण, थंडीतला शेक, हे सगळं त्याच जाळावर होतं. चूल बनवणाऱ्यानं भांडं मोजलं, घर मोजलं नाही.

मग गॅस आला. २०१६मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि जोडणी बाईच्या नावानं मिळू लागली. हे फार चांगलं झालं. जंगलालगतच्या गावांना वनविभागाकडूनही अनुदानावर गॅस मिळाला. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भारतातली ४३ टक्के कुटुंबं स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करत होती. त्याआधी इतकी मोठी मजल कधी मारली गेली नव्हती. पण शेगडी घरात असणं आणि ती रोज पेटणं यात अंतर आहे. उज्ज्वलाच्या कुटुंबांनी २०१९-२०मध्ये सरासरी वर्षाला तीन सिलिंडर घेतले, २०२३-२४मध्ये चारच्या आसपास. सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर आठ ते बारा लागतात. बाकीचं अंतर मोळीच भरून काढते.

कोणत्या महिन्यात गॅस जास्त वापरला जातो, हे मी गटांतल्या बायकांना विचारत गेले. उत्तर बहुतेक घरांत तेच आलं: रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत. पावसानं सरपण ओलं असतं हे एक कारण आहे. पण मोठं कारण वेगळं आहे. रोवण्याला बाईच्या हाताला मजुरी असते. एक सकाळ काड्यांमागे गेली तर त्या दिवसाचे पैसे बुडतात, हे घरातल्या पुरुषालाही दिसतं, आणि सिलिंडर आणायला तो स्वतःहून तालुक्याला जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतात काम नसतं, तेव्हा तोच माणूस म्हणतो, गॅस कशाला, जंगलात फुकट आहे. जंगल तेच, बाई तीच, मोळीही तेवढीच जड. फरक एवढाच की एका महिन्यात तिच्या वेळेला घरानं किंमत लावलेली असते आणि दुसऱ्या महिन्यात लावलेली नसते. सरपण फुकट आहे असं म्हणताना आपण खरं तर बाईचा वेळ फुकट आहे असंच म्हणत असतो. सरपणाच्या प्रश्नाबद्दल मला जे काही कळलं, त्याचं सार एवढंच आहे.

म्हणून मला आता यंत्रापेक्षा हिशेबाचं महत्त्व जास्त वाटतं, आणि तो हिशेब मांडायची जागा आपल्याकडे आहे. मालगुजारी (इथली जमीनदारी) गेल्यावर जी निस्तार पत्रकं तयार झाली, त्यांत गावाच्या घरगुती गरजांचा, जळाऊ लाकडाचा हक्क मान्य केलेला होता. २००६च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू आणि तेंदूपानांच्या बरोबरीनं झुडपी लाकूड आणि खुंटही घेतले. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मेंढा-लेखा गावानं २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवले आणि ग्रामसभा जंगल सांभाळू शकते हे देशाला दाखवलं. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बायका असाव्यात असा नियम आहे. कायद्यात जागा आहे. पण गावाचा व्यवस्थापन आराखडा लिहायला बसलं की त्यात बांबू येतो, तेंदू येतो, मोहफूल येतं. जे विकलं जातं ते आराखड्यात येतं. सरपण विकायचं नसतं, म्हणून ते येत नाही.

एका गावात ते यावं म्हणून आम्ही प्रयत्न केला. आराखड्याची बैठक दोनदा घेतली, एकदा फक्त बायकांची. नकाशा जमिनीवर रांगोळीनं काढला. कुठे धावडा उरला आहे, कुठे रायमुनिया माजली आहे, कोणत्या नाल्याकडे वाघाचे पगमार्क सारखे दिसतात, हे त्यांना समितीतल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. मोळ्यांच्या वजनावरून गावाला वर्षाला किती लाकूड लागतं याचा अंदाज निघाला. तो आकडा मोठ्यानं वाचला तेव्हा पुरुषांच्या बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ठरलं ते असं: जंगलाचे भाग पाडायचे आणि पाळीपाळीनं एकेक भाग सरपणासाठी खुला ठेवायचा. पळसाची खुंटफूट राखायची, मुळासकट काही काढायचं नाही. रायमुनिया मात्र मुळासकट काढून तीच आधी जाळायची. बांध्यांच्या धुऱ्यावर गिरिपुष्प लावायचं, म्हणजे पाला चिखलात खताला आणि काडी चुलीला. बायका जातील त्या दिवशी गस्तीवरचे दोन पुरुष बरोबर जातील, आणि पावसाळ्याआधीची साठवण घरातल्या सगळ्यांनी मिळून करायची.

यातलं सगळं नीट चाललं आहे असं नाही. गस्तीच्या पाळ्या चुकतात, धुऱ्यावरची काही रोपं शेळ्यांनी खाल्ली, गॅसचा सिलिंडर अजून महागच वाटतो. पण गावाच्या कागदावर सरपण आलं. ग्रामसभेत त्यावर भांडण होऊ लागलं, आणि ज्या गोष्टीवर भांडण होतं ती गोष्ट गावानं मान्य केलेली असते. गिरिपुष्पाच्या पहिल्या काड्या काही घरांत जळू लागल्या आहेत.

ज्या गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत, तिथल्या ग्रामसभांना, त्यांच्यासोबत काम करणाऱ्या संस्थांना आणि वनविभागातल्या जाणत्या अधिकाऱ्यांना माझं सांगणं आहे: पुढच्या आराखड्याला बसाल तेव्हा पहिलं पान सरपणाचं करा, आणि ते लिहायला बायकांना बसवा. गावाला किती लागतं, जंगल किती देऊ शकतं, उरलेलं कुठून येणार, आणि आणण्यात कुणाचे किती तास जातात, हे चार आकडे त्या पानावर असू द्या. चौथा आकडा लिहिल्याशिवाय बाकीचे तीन खरे ठरत नाहीत.